एक आडनाव, दोन कुळे

मराठी शिकविणाऱ्याने प्रथिनांच्या वाटेला कशाला जावे, असे आमच्या घरी विचारतात. पण मला तिकडे नेले ते एका शब्दानेच: फेरेडॉक्सिन. ‘फेरम’ म्हणजे लॅटिनातले लोखंड. प्राणवायूवाचून जगणाऱ्या एका जंतूत हे प्रथिन सापडले, १९६२ साली. लोखंड व गंधक यांचे इवलेसे पुंजके त्यात जडविलेले असतात. इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणे हे त्यांचे काम.

पालकाच्या पानातही फेरेडॉक्सिन आहे. नाव तेच, पण जंतूच्या एकेका पुंजक्यात लोखंडाचे चार अणू, पालकाच्या पुंजक्यात दोनच, आणि प्रथिनाच्या साखळीची घडी तर सर्वस्वी निराळी. म्हणजे आडनाव एक, कुळे दोन! नुसते अणू मोजून केलेली वर्गवारी म्हणूनच मला अपुरी वाटते. खड्याबरोबर कोंदणही पाहावे.

ते पाहिले मार्गारेट डेहॉफ व रिचर्ड एक या जोडीने. जंतूच्या फेरेडॉक्सिनची साखळी ५५ दुव्यांची. तिचे दोन अर्ध एकमेकांशी विलक्षण जुळतात, तेव्हा एक आखूड साखळी दुप्पट होऊन ही झाली असावी, असे त्यांनी १९६६ साली मांडले. पोथ्या ताडून मूळ पाठ शोधणाऱ्यांची हीच तर रीत!

पृथ्वीच्या हवेत प्राणवायू आला आणि या पुंजक्यांना वैरी मिळाला. तरी ते टिकले, आपल्याही पेशींत. तेथे ते जुळविण्यास फ्रॅटॅक्सिन नावाचे प्रथिन हातभार लावते. ते उपजतच कमी पडले, तर बहुधा शाळकरी वयातच मुलाची पावले अडखळू लागतात. लोखंडाच्या गोळ्यांनी हे भागत नाही. लोखंड असते, ते जागेवर बसत नाही.