भीती कुठे पळाली?

बालमित्रांनो, अंधारात एकट्याने जायचं म्हटलं की पाय लटपटतात. पण चार जण गाणी म्हणत निघाले, की तीच वाट सोपी होते. असं का बरं होतं?

एक खरी गोष्ट सांगते. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. इंग्रजांनी आपल्या पुढाऱ्यांना न विचारताच भारताला त्यात ओढलं. लोक चिडले. पण नुसत्या रागाने माणूस घराबाहेर पडतो का? तुरुंगाची, गोळीची भीती असतेच ना!

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरी वाजवत गावोगाव भजनं म्हणत. सगळ्यांचा सूर एक झाला, की प्रत्येकाला वाटे, 'मी एकटा नाही.' मग भीती पळे.

'चले जाव'ची हाक आली. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. वर्ध्याकडच्या आष्टीत आणि चांद्याकडच्या चिमुरात लोक रस्त्यावर आले. गोळीबारात गावकरी मेले. संतापलेल्या जमावाने पोलीसही मारले. २८ ऑगस्टला महाराजांना अटक झाली.

पाहिलंत? धीर एकाचा दुसऱ्याला लागतो, तसा संतापही लागतो बरं का! म्हणून घोळक्यात असताना स्वतःला विचारावं, 'हे मी एकट्यानेही केलं असतं का?'

१९६५ च्या युद्धात पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं. तेव्हा आपल्या घरी काय केलं, हे आजी-आजोबांना जरूर विचारा.