धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे

२८ जानेवारी २०२६ च्या सकाळी उपमुख्यमंत्री अजित पवार यांना मुंबईहून घेऊन निघालेलं लिअरजेट ४५ बारामतीच्या धावपट्टीच्या तोंडाशी कोसळलं आणि विमानातले पाचही जण गेले. तेव्हापासून दोनच मतं हिरिरीने मांडली जातात: वैमानिक चुकला, नाहीतर घातपात झाला. दोन्ही मतांत धावपट्टीकडे बघायचं राहून जातं. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या धावपट्टीवरून प्रवासी विमानं उडावीत म्हणून रत्नागिरीकर वर्षानुवर्षं वाट बघताहेत. निदान त्यांना तरी हे दुर्लक्ष परवडणारं नाही.

घातपाताची शंका पुराव्यावर तपासावी. पुरावा नसताना तिच्यावर इमले बांधण्यात अर्थ नाही. वैमानिकाच्या चुकीचं मत जास्त घातक, कारण त्यात थोडं तथ्य आहे. त्या सकाळी दृश्यमानता तीन किलोमीटरच्या आसपास होती. नजरेच्या भरवशावर उतरायचं तर नियमाने पाच किलोमीटर लागते. पहिल्या खेपेला धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान पुन्हा वर घेतलं. दुसऱ्या खेपेला ‘दिसते’ असं कळवलं. ८ वाजून ४३ मिनिटांनी उतरायला परवानगी मिळाली, तिची पोच विमानातून आलीच नाही आणि मिनिटभरात खालच्यांना ज्वाळा दिसल्या. वैमानिकाने परत फिरायला हवं होतं, असं घरी बसून म्हणता येतं.

पण त्याला परत फिर म्हणणारं खाली कोण होतं? बारामतीचा तळ तेव्हा अनियंत्रित होता. रेडिओवर माहिती देण्याचं काम तिथल्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थांची माणसं करत. धुरकटात विमानाला उताराची रेघ दाखवणारी आयएलएस यंत्रणा तिथे नव्हती. अशा तळावर खालचा माणूस वारा आणि दृश्यमानता सांगतो, उतरायचं की नाही हे वैमानिकाच्या विवेकावर सोडतो. ‘आज तळ बंद, पुण्याला जा’ असं ठणकावण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. खाली प्रचारसभा ठरलेल्या, मागे राज्याचे उपमुख्यमंत्री बसलेले, आणि सगळा विवेक कॉकपिटमधल्या दोघांनी दाखवायचा! ही व्यवस्था चूक घडण्याची वाटच बघत असते. अपघातानंतर लगेच हवाई दलाचं पथक नियंत्रण आणि हवामानाची सोय घेऊन बारामतीत पोचलं. म्हणजे ही सोय अशक्य कधीच नव्हती.

छोटी विमानं बड्यांची, आपल्याला काय त्याचं, हेही ऐकायला मिळतं. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरला छोटं विमान पडलं तेव्हा आतल्या चौघांबरोबर रस्त्याने जाणारा एक माणूसही गेला. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डीजवळ शिरपूरच्या संस्थेचं प्रशिक्षण विमान कोसळलं, प्रशिक्षक दगावला. जखमी शिकाऊ मुलीला डोंगरातून खाली आणायला ना स्ट्रेचर होतं ना रुग्णवाहिका. आदिवासी गावकऱ्यांनी लुगड्याची झोळी केली आणि तिला उचलून नेलं. बड्यांशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, तेच पहिल्यांदा धावतात. खुद्द बारामतीजवळ ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत प्रशिक्षणाची दोन विमानं पडली होती. तो इशारा पुरेसा होता.

आता मिरजोळे. इथे तटरक्षक दलाचा तळ आहे, शिस्तीची माणसं आहेत, त्यामुळे इथे बारामती होणार नाही, असा एक दिलासा दिला जातो. तटरक्षक दलाच्या शिस्तीबद्दल आदर आहेच. पण दलाच्या वैमानिकाला वरिष्ठ थांबवू शकतो. भाड्याच्या विमानाच्या वैमानिकावर मालक, गिऱ्हाईक आणि वेळापत्रक असं तिघांचं ओझं असतं. त्यात हा सड्याचा मुलूख. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. समुद्रावरून सर आली की समोरचं झाड दिसेनासं होतं आणि पाच मिनिटांत लख्ख ऊन पडतं. शहरातल्या वेधशाळेतली नोंद धावपट्टीच्या टोकाला लागू पडेलच असं नाही.

म्हणून मागणी विमानसेवेची असेल तर ती पुरी करा. दृश्यमानता आणि ढगांची उंची मोजणारी उपकरणं धावपट्टीलगत हवीत. विमान येण्याआधी अग्निशमन दल तयारीत उभं हवं, आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या पोरांना त्या दलाबरोबर सराव मिळायला हवा, कारण धूर दिसला की तीच आधी पोचणार. नियंत्रक हवा तो तळ बंद करण्याचा लेखी अधिकार असलेला. टर्मिनलच्या उद्‌घाटनाला मंत्री येतील तेव्हा मिरजोळ्याच्या ग्रामसभेने त्यांच्याकडून एवढंच लिहून घ्यावं, की हवा खराब असेल त्या दिवशी खुद्द त्यांच्या विमानाला नाही म्हणण्याचा अधिकार इथे कोणाकडे राहील.