मागे राहिलेल्या मुलांचा हक्क



घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, खूर तपासतो, चार जाणत्यांचा सल्ला घेतो आणि मगच व्यवहार ठरवितो. परंतु घरातील मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, चार वर्षांचे झाले तरी त्यास साधी सूचना उमगत नाही, किंवा तिसरीत जाऊनही त्यास जोडाक्षर वाचता येत नाही, तेव्हा आपण कोणास विचारतो? बहुधा कोणासही नाही. पाहुणे आले की त्यास आतल्या खोलीत बसवितो आणि शाळेने 'याला घरीच ठेवा' म्हटले तर मान खाली घालून परततो. हा अन्याय आपल्याच घरात, आपल्याच हातून घडत आहे; म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. बौद्धिक अक्षमता म्हणजे समजणे, बोलणे, स्वतःचे दैनंदिन व्यवहार सांभाळणे या साऱ्याच बाबतींत मुलाची वाढ संथ गतीने होणे. अध्ययन अक्षमता निराळी. तीत बुद्धी शाबूत असते. मूल चतुरपणे बोलते, ऐकलेली गोष्ट बिनचूक सांगते. परंतु अक्षर आणि उच्चार यांची सांगड त्याच्या मेंदूत सहजी बसत नाही. पहिल्यास आपण 'येडं' म्हणतो, दुसऱ्यास 'ढ'. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या नावानेच अपमान सोसला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते ओझे झुगारून दिले, त्या समाजाने आपल्याच लेकराच्या माथी अपमानाचे नवे नाव मारावे काय?

कित्येक घरांत अजून ऐकू येते, 'मागल्या जन्मीचे भोग आहेत.' गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात साफ नाकारला आहे. कारणे या जन्मातच असतात : गुणसूत्रांतील बदल, गर्भारपणातील संसर्ग, प्रसूतीच्या वेळी बाळास प्राणवायू कमी पडणे. जन्मतः थायरॉइडची उणीव असलेल्या बाळास पहिल्या काही आठवड्यांतच औषध सुरू केले, तर त्याच्या बुद्धीची मोठी हानी टळते. तेच आठवडे देवऋष्याच्या अंगाऱ्यात गेले, तर ते पुन्हा मिळत नाहीत.

मग उपचार म्हणजे काय? बाटलीतल्या औषधाने बुद्धी वाढवून देतो असे सांगणारा तुम्हांस फसवितो. येथे उपचार म्हणजे शिकविण्याचे शास्त्र होय. आधी कान आणि डोळे तपासावे. कारण ज्यास ऐकूच येत नाही, त्यासही आपण मंद समजून बसतो. वाचा-उपचारतज्ज्ञ मुलास आपली गरज शब्दाने, खुणेने वा चित्राने सांगावयास शिकवितो. व्यवसायोपचारतज्ज्ञ घास घेणे, गुंडी लावणे, पेन्सिल धरणे यांचा सराव करवितो. विशेष शिक्षक एका कामाचे लहान तुकडे पाडतो आणि एक तुकडा जमल्यावरच पुढचा घेतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाने वाळूत अक्षर गिरवावे आणि त्याच वेळी मोठ्याने उच्चारावे. डोळा, कान आणि हात एकत्र कामास लागले म्हणजे अक्षर ठरते. तज्ज्ञ भेटतो आठवड्यातून एकदा; उरलेले सहा दिवस हा वर्ग घरातच भरवावा लागतो.

ही दृष्टी आपणांस परकी नाही. पाली अट्ठकथांत चुल्लपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत त्यास एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने त्यास विहारातून जावयास सांगितले. बुद्धांनी त्यास परत बोलाविले, हाती पांढरे वस्त्र दिले आणि ते चोळीत एकच शब्द म्हणावयास सांगितले. वस्त्र मळत गेले, तसे त्यास अनित्यतेचे ज्ञान झाले आणि तो अर्हत झाला. शिष्य तोच होता. गुरूंनी रीत बदलली. भावाने मोजले ते केवळ पाठांतर!

आज ही बदललेली रीत मागणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगतांमध्ये या दोहोंचा समावेश केला. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्यास कलम ९२ अन्वये सहा महिने ते पाच वर्षे कारावास होऊ शकतो. 'आमच्या मागे याचे कसे होईल?' या चिंतेने झोप उडालेल्या आईबापांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढास त्यान्वये कायदेशीर पालक नेमता येतो. आणि 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, त्यात नियमित उपचारांचाही खर्च धरलेला आहे.

परंतु कागदावरचा हक्क एस. टी. चे भाडे देत नाही. तपासणीसाठी आणि प्रमाणपत्रासाठी घोडेगावहून अहिल्यानगर गाठावे लागते. आईची मजुरी बुडते, आणि पुष्कळदा थोरल्या बहिणीची शाळाही. दोन खेपा वाया गेल्या की तिसरी होत नाही. येथे एकटे कुटुंब हरते; ते एकटे पडू नये ही जबाबदारी वस्तीची आहे.

म्हणून तीन कामे हाती घ्या. पहिले, येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा अशा मुलांच्या आईबापांना पुढे बसवा, त्यांचे ऐकून घ्या आणि प्रमाणपत्राच्या खेपेला सोबत एक शिकलेला तरुण द्या. दुसरे, अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा मूल लपवू नका, पुढे करा. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकाची लेखी मागणी करा. तिसरे, ग्रामसभेत उभे राहून विचारा, की ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठी राखलेला ५ टक्के निधी कोठे खर्च झाला? त्यातून ठरलेल्या दिवशी उपचारतज्ज्ञ गावात आणता येईल काय, हेही विचारा.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण मुलांच्या कानी घालतो. जे मूल संथपणे शिकते, त्यालाही तो आदेश आहे. आणि त्यास शिकता येईल अशी सोय करणे, हा त्याच आदेशातील आपला वाटा आहे. आतल्या खोलीचे दार आजच उघडा.