‘नुसती गंमत’ आणि कॉलेजचा नियम

इथे अमेरिकेत कोजागिरीला मसाला दुधाचा पेला हातात धरून एका सद्गृहस्थांनी ‘कोट्यातल्या डॉक्टर’चा विनोद सांगितला. बरेच जण हसले. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, “काका, आमच्या कॅम्पसवर याची तक्रार होऊ शकते.” तिथल्या भेदभावविरोधी धोरणात २०२२ पासून जातीचाही उल्लेख आहे. काका उसळले, “म्हणजे आता तोंडही उघडायचं नाही?”

मला विनोदापेक्षा या प्रश्नाचा राग आला. मी कर्जतचा. आमच्या आळीत अंघोळ न केलेल्या पोराला ‘कातकऱ्यासारखा काय फिरतोस’ म्हणत. कातकऱ्यांची पोरं तेव्हा वर्गात फारशी नसत, त्यामुळे कोणाला लागेल असं वाटतच नसे. आज कर्जत-खोपोलीच्या कॉलेजांत वाड्यांवरची ठाकर, कातकरी आदिवासी मुलं येतात. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. उद्या ती कॉलेजात बसतील आणि मागच्या बाकावरून हेच वाक्य ऐकतील. याला विचारस्वातंत्र्य म्हणायचं?

मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला मेडिकल कॉलेजात स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवीने मे २०१९ मध्ये जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण वॉर्डातली उतरंड पाहा. ड्युटी कोणाला, ऑपरेशनला कोणी उभं राहायचं, हे सीनिअरच्या हातात. व्याख्यानात कोणी आरक्षणाविरुद्ध बोललं तर उठून उत्तर देता येतं, सीनिअरला कसं देणार? आमच्या घरी निवडणुकीवरून बापलेकांचा आवाज माजघरापर्यंत जाई, आईची हरकत नसे. पण कामाला येणाऱ्या बाईंना कोणी टाकून बोललं की आई त्याचं पान वाढायचं थांबवे. विद्यापीठांनी एवढंच करावं. मत कितीही कडू असो, मांडू द्यावं. जन्मावरून माणसाला घालूनपाडून बोलणं बंद करावं. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे की, असं म्हणाल. पण त्यातल्या अपमानाच्या कलमाला लोकांच्या नजरेसमोरची जागा लागते. हॉस्टेलच्या बंद खोलीत तो कमी पडतो, तिथे कॉलेजचाच नियम हवा.

अशा बंधनांचा दुरुपयोग होतो, हेही खरं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये रामलीलेतल्या नटांवरचं विद्यार्थ्यांचं नाटक बंद पाडलं गेलं, वर विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांनाच अटक झाली. त्यावर स्वतंत्र लेख लागेल.

प्रवचन झालं खरं, माफ करा. ते काका मनाने वाईट नाहीत, अडल्यानडल्याला सगळ्यांत आधी धावतात. भांडण त्यांच्याशी नाही.

नियम कागदावर आहेच: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१२ च्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. आपण परदेशात राहणारे गावाकडच्या कॉलेजांना संगणकांसाठी पैसे पाठवतो, नावाची पाटीही लावून घेतो. पुढच्या वेळी पैसे पाठवताना प्राचार्यांना एवढं विचारा: हा अधिकारी कोण, आणि वाडीवरून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला त्याचं नाव ठाऊक आहे का?