फडात तान्ह्याला भरवणार कोण?

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी आणि लेकरं घेऊन सांगली, साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात ऊसतोडीला जातात. माझ्या अंगणवाडीच्या रजिस्टरातलं बाळाचं नाव मात्र इथंच राहतं. मार्च-एप्रिलमध्ये तीच लेकरं परतल्यावर वजनकाटा जे दाखवतो, त्याचं खापर आईच्या अडाणीपणावर फोडलेलं ऐकलं की मला संताप येतो.

आमच्या बायांना सगळं पाठ आहे. बाळंत झाल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यायचं, चीक पिळून टाकायचा नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरचं खाणं आणि दोन वर्षं दूधही चालू. एक गोष्ट तेवढी अजून घरोघर सांगावी लागते: वरणाचं पाणी पाजू नका. त्यानं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकी घट्ट खिचडी हवी, वर तेलाची धार, बारीक कूट, जमेल तेव्हा अंडं. पण नऊ महिन्यांचं लेकरू एका वेळी अर्धी वाटीच खातं. म्हणजे दिवसातून तीन-चारदा मांडीवर घ्यायचं, थुंकलं तरी पुन्हा घास द्यायचा.

उसाच्या फडात हा वेळ कुठून आणायचा? रात्र सरायच्या आत उठून भाकरी थापायच्या, मग अंधारातच ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. बाळ बांधावर झोळीत, सांभाळायला आठ वर्षांची बहीण. छाती दाटून झंपर भिजतो, तरी हातातलं काम टाकून जाता येत नाही. दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे मजुरी जाऊन वर दंड. पाजावं तसं दूध उतरतं, पाजणं चुकत गेलं की आटतं. मग बहीण चहात बिस्कीट बुडवून बाळाच्या तोंडात घालते. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. बिस्किटाच्या पुड्याला कुणी अडवत नाही.

वेळेची ओढाताण शहरातल्या बाईलाही आहेच. पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, ५० कामगार असतील तिथं पाळणाघर बंधनकारक आहे. कोयत्यावर गेलेल्या बाईचं नाव कुठल्या हजेरीपटावर असतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, देशभरातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या लेकरांत पुरेसा आहार मिळणारी शंभरात जेमतेम ११ निघाली. बाकीच्या एवढ्या घरांत नुसत्या माहितीची कमतरता आहे, हे मला पटत नाही.

दर हंगामाला साखर आयुक्त कारखान्यांना गाळप परवाना देतात. त्या परवान्यातच अट घाला: तोडकऱ्यांच्या अड्ड्यावर पहिल्या दिवसापासून पाळणाघर हवं. सांभाळायला टोळीतलीच एखादी बाई नेमा, तिला पूर्ण मजुरी द्या आणि खर्च कारखान्यानं उचलावा. दूध पाजायला गेलेल्या आईचा खाडा लावू नये, हे मुकादमाच्या करारात लिहून घ्या. आणि हे पाळणाघर आमच्या अंगणवाडीसारखं सकाळी दहाला उघडून चालणार नाही. ते पहाटे चारला उघडं पाहिजे, चुलीवर खिचडी चढवून.