कोंड्याचा नवा वाटेकरी

पावसाळ्यापूर्वी रवा भाजून ठेवणे, तांदळाला एरंडेल चोळणे, धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालणे ही कामे महाराष्ट्रातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. डब्यातल्या पिठामिठाला कीड लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. याच किडीच्या कुळातली एक अळी मात्र युरोपात मुद्दाम, ट्रेमध्ये कोंडा घालून वाढवली जाते. तिच्यावर अब्जावधी रुपये लागले, तिच्यासाठी कायदे बदलले गेले आणि आता तिच्यावर उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कंपनीचा डोलाराही कोसळला.

२०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्सेक्ट’ या फ्रेंच कंपनीने या अळीच्या बळावर सुमारे ६० कोटी डॉलर उभे केले होते. आमियां शहराजवळ तिने अळ्यांचे मजल्यांवर मजले असलेले अजस्र संगोपन केंद्र उभारले. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने न्यायालयाचे संरक्षण मागितले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती अवसायनात निघाली. शेतीतील आणि खाद्य उद्योगातील ‘टाकाऊ’ मालापासून स्वस्त प्रथिने मिळतील, हे या साऱ्या उद्योगाचे आश्वासन होते. ते का पुरे झाले नाही, याचे उत्तर अळीच्या पोटात कमी आणि कोंड्याच्या बाजारात जास्त आहे.

ही अळी कोणती?

इंग्रजीत तिला मीलवर्म म्हणतात. शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मोलिटर. लॅटिनमध्ये ‘मोलिटर’ म्हणजे पिठाच्या गिरणीचा चालक. ही एका काळपट भुंगेऱ्याची अळी आहे. आपल्याकडे रव्या-मैद्यात सापडणारा तांबडा भुंगेरा तिचा जवळचा नातेवाईक. अंड्यातून आलेली अळी अंधाऱ्या, उबदार जागी साधारण २५ ते २८ अंश तापमानात कोंड्यावर वाढते. पाण्यासाठी तिला गाजर किंवा बटाट्याच्या चकत्या पुरतात. दोन-तीन महिन्यांत ती अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. मग चाळणीने अळ्या आणि त्यांची विष्ठा वेगळी केली जाते. अळ्या एक दिवस उपाशी ठेवून, उकळत्या पाण्यातून काढून वाळवतात. विष्ठेचे खत होते. युरोपीय नियमांनुसार तीही ७० अंशांवर तासभर तापवल्याशिवाय विकता येत नाही.

या प्राण्याला अंगाची ऊब टिकवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही. त्यामुळे खाल्लेल्यातला मोठा हिस्सा शरीर वाढवण्यात जातो. २०१२ साली नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मीलवर्म केंद्राचा हिशेब मांडला. एक किलो खाण्याजोगे प्रथिन तयार करायला दूध, कोंबडी, डुक्कर आणि गोमांस या सर्वांपेक्षा कमी जमीन लागते, असे त्यात दिसले. हरितगृह वायूही कमी निघतात. ऊर्जा मात्र दूध आणि कोंबडीपेक्षा जास्त लागते, कारण थंड देशात खोल्या सतत उबदार ठेवाव्या लागतात. पहिल्या दोन गोष्टींची जाहिरात झाली, तिसरी बहुधा मागे राहिली.

टाकाऊ कशाला म्हणायचे?

याच विद्यापीठात २०१५ साली अधिक महत्त्वाचा प्रयोग झाला. मीलवर्मच्या तीन प्रजातींना बीअर गाळून उरलेला जवाचा चोथा, बीअरचे यीस्ट, शिळा पाव, बटाट्याची साले, मक्यापासून मद्यार्क काढल्यावर उरलेला चोथा अशा मालाची वेगवेगळी मिश्रणे खायला दिली गेली. मिश्रणांमधील प्रथिनांत दुप्पट-तिप्पट फरक होता, तरी अळीच्या शरीरातील प्रथिनांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. बदलली ती चरबी. म्हणजे निकृष्ट खाद्यातूनही अळी स्वतःचे शरीर नीट घडवते. पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. यीस्टचे भरपूर प्रथिन मिळालेल्या अळ्या लवकर वाढल्या, कमी मेल्या आणि वजनाने भरल्या. जिला कमी दर्जाचे खाद्य मिळाले, ती जगली तरी रेंगाळली. संगोपनात रेंगाळणे म्हणजे तेवढे जास्त दिवस वीज, जागा आणि मजुरी.

उद्योगाची पहिली अडचण इथेच आहे. अळी लवकर वाढवायची तर चांगला कोंडा आणि यीस्ट हवे, आणि चांगला कोंडा टाकाऊ नसतो. गव्हाचा कोंडा गाई-म्हशी, डुकरे आणि कोंबड्या आधीपासूनच खातात. त्याला भाव आहे. अळीने तो खाल्ला तर गुरांच्या खाद्यासाठी दुसरे काही पिकवावे लागते. कोंडा थेट कोंबडीला घालण्याऐवजी आधी अळीला घालायचा आणि मग अळी कोंबडीला, यात साखळीत एक पायरी वाढते. प्रत्येक पायरीवर काही ऊर्जा वाया जाते, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. युरोपात अळीचे पीठ सोयापेंडीपेक्षा कितीतरी महाग पडते ते यामुळे. ‘इन्सेक्ट’ कंपनीने पुढे कोंबड्या-माशांच्या खाद्याकडून कुत्र्या-मांजरांच्या महागड्या खाद्याकडे मोहरा वळवला, तोही याच गणितापोटी.

खरोखर वाया जाणारे अन्न म्हणजे हॉटेलातले उरलेले ताट, घरचे खरकटे, मुदत संपलेले मांसयुक्त पदार्थ. ते अळीला का घालत नाहीत? कारण कायदा. आणि या कायद्यामागे एक दुखरा इतिहास आहे.

ब्रिटनचा धडा

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये कत्तलखान्यातील मांस-हाडांची भुकटी गुरांच्या खाद्यात घातली जात होती. उपउत्पादनाचा सदुपयोग, असेच त्या वेळी वाटत होते. त्यातून गाईंमध्ये मेंदूचा ‘मॅड काऊ’ आजार पसरला. १९९६ मध्ये त्याचा माणसातील अवतार जाहीर झाला आणि एकट्या ब्रिटनमध्ये पुढे पावणेदोनशेहून अधिक माणसे त्याने दगावली. त्यांत तरुणांची संख्या मोठी होती. हा आजार पसरवणारे विकृत प्रथिन, म्हणजे प्रायॉन, साध्या उकळण्याने नष्ट होत नाही.

२००१ पासून युरोपीय संघाने पाळीव प्राण्यांच्या खाद्यात प्राणिज प्रथिने घालण्यावर व्यापक बंदी घातली. कायद्याच्या दृष्टीने संगोपनातील अळी हीसुद्धा पाळीव जनावरच. म्हणून तिला खरकटे, मांस, शेण यातले काहीही घालता येत नाही. वनस्पतिजन्य माल आणि दूध-अंड्यांसारखे मोजके प्राणिज पदार्थ एवढेच चालतात. अळीचे प्रथिन माशांच्या खाद्यात वापरायला २०१७ मध्ये, तर कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात वापरायला २०२१ मध्ये परवानगी मिळाली. गाई-म्हशींसाठी ती आजही नाही. उद्योगाला ही बंधने जाचक वाटतात. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर त्यांना ठोस कारण आहे. अळीच्या शरीरात प्रायॉन वाढत नाहीत, हे खरे. पण दूषित खाद्यातून आलेले प्रायॉन तिच्या आतड्यात असू शकतात आणि आतड्यासकट तिचे पीठ होते.

ताटात आली तर?

माणसाच्या खाण्यासाठी वाळवलेल्या मीलवर्मला युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२१ मध्ये सुरक्षित ठरवले. जूनमध्ये ती बाजारात आणायला परवानगी मिळाली. त्यानंतर गोठवलेल्या अळीलाही मिळाली. २०२५ च्या सुरुवातीला अतिनील किरण देऊन ‘ड’ जीवनसत्त्व वाढवलेले अळीचे पीठ ठराविक प्रमाणात पाव, केक, चीज यांत घालण्याची मुभा देण्यात आली. तरीही चार बाबी डॉक्टरांनी आणि ग्राहकांनी ध्यानात ठेवायला हव्यात.

पहिली बाब ॲलर्जीची. कोळंबी, खेकडा आणि अळी या सर्वांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे जवळपास सारखे प्रथिन असते. धुळीतल्या सूक्ष्म माइट किड्यांतही ते असते. नेदरलँड्समध्ये कोळंबीची ॲलर्जी असलेल्या १५ जणांना देखरेखीखाली मीलवर्म खायला दिली, तेव्हा त्यांतल्या १३ जणांना त्रास झाला. शिजवल्याने हा धोका जात नाही. म्हणूनच युरोपात वेष्टनावर तशी सूचना छापणे सक्तीचे आहे. कोकण-गोव्यात कोळंबीची ॲलर्जी असलेले रुग्ण नवे नाहीत. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या अशा मंडळींनी प्रोटीन बार, पास्ता किंवा बिस्किटे घेताना घटकांची यादी वाचलेली बरी.

दुसरी बाब प्रथिनांच्या आकड्याची. वाळलेल्या अळीत निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, असे सांगितले जाते. प्रथिने मोजताना प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, पण ते प्रथिन नव्हे. अभ्यासकांनी मीलवर्मसाठी हा गुणक ४.७६ च्या आसपास असावा असे दाखवले आहे. म्हणजे वेष्टनावरचे ५५ ग्रॅम प्रत्यक्षात ४२ ग्रॅमच्या जवळ येतात. तेही कमी नाहीत, पण जाहिरातीएवढे नाहीत.

तिसरी बाब खाद्यातून येणाऱ्या दोषांची. बुरशी लागलेल्या धान्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष मीलवर्म साठवून ठेवत नाही, ही तिची जमेची बाजू. कॅडमियमसारखा जड धातू मात्र ती शरीरात साठवते. सांडपाण्यावर किंवा कारखान्यांच्या शेजारी पिकलेल्या मालाचा कोंडा असेल, तर हा धोका खरा आहे. शिवाय काही जीवाणूंचे बीजाणू उकळण्यालाही दाद देत नाहीत. अळी नीट वाळवली नाही, दमट जागी ठेवली, तर ते पुन्हा वाढतात. ही अळी थर्माकोल खाते, असे २०१५ च्या संशोधनानंतर खूप गाजले. प्रयोगशाळेतले ते निरीक्षण खरे आहे, पण तसल्या अळ्या कोंबडीच्या खाद्यात घालण्याचा विचारही कोणी करू नये.

चौथी बाब काम करणाऱ्यांची. अळ्यांची कात आणि विष्ठा वाळून तिची बारीक धूळ होते. अळ्या हाताळणाऱ्यांत नाकातून पाणी, शिंका आणि दमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात कित्येक दशकांपासून आहेत. बंद, उबदार खोलीत रोज चाळणी मारणाऱ्या कामगाराला मास्क आणि खेळती हवा लागते. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्यांचा खोकला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे काय?

भारताला कीटक खाणे परके नाही. ईशान्येकडील राज्यांत रेशमाच्या अळ्यांचे कोश आवडीने खाल्ले जातात. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये तांबड्या मुंग्यांची चापडा चटणी होते. ओडिशातील सिमिलिपाल परिसरातल्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ते सारे रानातून आणलेले, ऋतूनुसार आणि बेताने खाल्लेले अन्न आहे. कारखान्यात वाढवलेल्या अळीचे पीठ ही वेगळी गोष्ट. आपल्या कायद्यात अशा नव्या अन्नपदार्थाला विक्रीपूर्वी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी लागते. शाकाहार पाळणाऱ्यांच्या दृष्टीने त्यावरचे चिन्हही स्पष्ट असावे लागेल.

महाराष्ट्रात मीलवर्म सध्या दिसते ती पक्षी आणि शोभिवंत मासे पाळणाऱ्यांच्या दुकानांत. तिचे संगोपन हा शेतीला जोडधंदा असल्याचे सांगणारे व्हिडिओ आणि प्रशिक्षण वर्ग अशा वेळी निघतातच. ससेपालन, इमूपालन यांत पैसे घातलेल्यांना हा अनुभव आहे. पिल्ले विकणारा कमावतो आणि पाळणारा गिऱ्हाईक शोधत बसतो. इथे पैसे गुंतवण्याआधी शेतकऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. अळी कोण, कोणत्या भावाने आणि किती काळ घेणार? कोंडा कोणत्या भावाने मिळणार? आणि एप्रिल-मे महिन्यात खोलीचे तापमान तिसाच्या आत ठेवायला वीज किती लागणार? ३५ अंशांच्या पुढे ही अळी तग धरत नाही, आणि विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो.

मुळात आपल्याकडे वाया जाते काय, हेही पाहायला हवे. गव्हाचा भुसा, तुरीची चुनी, सरकी पेंड, सोयापेंड यांतले काहीही वाया जात नाही. त्यावर दुधाचा धंदा चालतो. बीअर कारखान्यातला चोथाही दूध व्यावसायिक उचलतात. अळीने यात वाटा मागितला तर पशुखाद्य महागेल आणि त्याचा भार शेवटी दुधावर येईल. वाया जातो तो बाजार समित्यांतला भाजीपाला आणि घराघरातला ओला कचरा. मीलवर्म कोरड्या खाद्यावर जगणारी. ओल्या कचऱ्यासाठी ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्या अधिक उपयोगी, आणि मासे-कोंबड्यांच्या खाद्यासाठी त्यांचे प्रयोग भारतात सुरूही आहेत. तिथेही ब्रिटनचा धडा लागू आहे. आधी खाद्याचे नियम, तपासणी आणि मगच विस्तार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. या मुलांना प्रथिने हवीत यात वाद नाही. ती डाळीत, शेंगदाण्यात, दुधात आणि अंड्यात आहेत आणि त्यांची किंमत आजही अळीच्या पिठापेक्षा कमी आहे. एखादे दिवशी अळीमुळे कोंबडीचे खाद्य स्वस्त झाले आणि त्यामुळे अंगणवाडीतल्या मुलाच्या ताटात आणखी एक अंडे आले, तर हा उद्योग स्वागतार्ह ठरेल. तोवर त्याला एकच कसोटी लावावी: ही अळी जे खाते, ते तिच्याआधी कोणाच्या पोटात जात होते?