भागाकार कोणी पुसला?

अर्ज सुटसुटीत करणे ही राज्यकर्त्यांची आवडती सुधारणा. तिला विरोध करण्यास कोणी धजावत नाही. म्हणूनच सुटसुटीतपणाच्या नावाखाली नेमके काय वगळले गेले, याची विचारपूस उशिरा होते. अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाह्यासाठी जो ‘फाफ्सा’ अर्ज भरावा लागतो, त्याचे असेच झाले.

जुन्या पद्धतीत उत्पन्न व मालमत्ता पाहून पालकांचा वार्षिक वाटा ठरे आणि घरातील जितकी मुले त्या वर्षी महाविद्यालयात असत, तितक्यांनी त्या रकमेला भागले जाई. वाटा ३० हजार डॉलर निघाला आणि दोन मुले शिकत असली, तर प्रत्येकाच्या नावे १५ हजार धरले जात. नव्या सूत्रात हा भागाकारच नाही. दोघांच्याही नावे ३०-३० हजार लागतात. हा आकडा म्हणजे शुल्काचे बिल नव्हे. पण मदतीची गरज त्यावरूनच मोजली जाते. पगार तोच, घर तेच. सरकारच्या हिशेबी मात्र ऐपत दुप्पट झाली.

हा बदल डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या साडेपाच हजारांहून अधिक पानांच्या खर्च विधेयकातून आला. सिनेटच्या शिक्षण समितीचे तत्कालीन अध्यक्ष लमार अलेक्झांडर यांना १०८ प्रश्नांचा अर्ज ३६ प्रश्नांवर आणायचा होता. प्रत्यक्ष अंमल २०२४-२५ पासून झाला. गंमत अशी, की किती मुले महाविद्यालयात आहेत, हा प्रश्न त्या नव्या अर्जातही होता. सूत्रात त्याच्या उत्तराला किंमत उरली नव्हती.

या बदलाची बाजू अगदीच लंगडी नाही. चार वर्षांच्या अंतराने दोन मुले शिकवणाऱ्या घराला जुनी सवलत मिळत नसे, जुळ्यांच्या पालकांना ती मिळे. शिवाय याच कायद्याने ‘पेल’ अनुदानाची पात्रता कुटुंबाचा आकार व दारिद्र्यरेषा यांच्याशी जोडली आणि अतिगरीब विद्यार्थ्यांचा लाभ झाला. परंतु शुल्क आयुष्यभराच्या सरासरीने भरता येत नाही, ते त्या-त्या वर्षीच भरावे लागते. त्याचा फटका मध्यमवर्गाला बसला.

खरी मेख पुढे आहे. याच कायद्याने कौटुंबिक शेती आणि छोट्या व्यवसायाच्या मालमत्तेला असलेली सूटही काढली होती. शेतकरी व व्यावसायिकांच्या संघटनांनी तगादा लावला आणि जुलै २०२५ च्या कायद्याने ती सूट २०२६-२७ पासून परत दिली. भावंडांचा भागाकार मात्र परतला नाही. एकाच वेळी दोन मुले महाविद्यालयात असणे ही चार-दोन वर्षांची अवस्था. तिची संघटना होत नाही, मतपेढी तर नाहीच.

विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ही मदत मुळातच नाही. पण ग्रीन कार्ड वा नागरिकत्व घेऊन तेथे स्थिरावलेल्या मराठी पगारदार कुटुंबांना या फरकाची झळ लागते. महाविद्यालयाच्या अर्थसाह्य अधिकाऱ्याला दुसऱ्या भावंडाचे शिक्षण ही विशेष परिस्थिती मानण्याचा अधिकार कायद्याने आहे. मात्र जो हक्क होता, त्याची आता विनंती करावी लागते.

दिल्लीने यातून बोध घ्यावा. आपल्याकडे हा भागाकार मुळातच फारसा रुजलेला नाही. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावरील तीन टक्के व्याजसवलतीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. पावणेआठ लाखांत एक मूल शिकवणारे घर रांगेत बसते. सव्वाआठ लाखांत तीन मुले शिकवणारे रांगेबाहेर राहते. उत्पन्न विचारणे सोपे असते. त्या उत्पन्नावर किती जणांचे शिक्षण चालले आहे, हे विचारणे न्यायाचे असते. अर्ज एका प्रश्नाने लांबला तरी बिघडणार नाही.